पेट्रोलच्या टाकीवरचा काळा: एका स्प्लेंडरचं दोनदा झालेलं रंगकाम

बाबांची स्प्लेंडर प्लस ऑगस्ट 2009मधली. हिरो आणि होंडा तेव्हा एकत्र होते, त्यामुळे टाकीवर दोन्ही नावं. पंधरा वर्षं ती रत्नागिरीत, भाट्याच्या बाजूला, समुद्रापासून पाच मिनिटांवरच्या आमच्या घराच्या पडवीत उभी राहिली. ऑगस्ट 2024मध्ये तिच्या आरसीची मुदत संपत होती. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे चालवायची तर फॉर्म 25 भरायचा, गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, मग पाच वर्षांची वाढ मिळते. आमच्याकडे याला रीपासिंग म्हणतात. इंजिन ठणठणीत होतं, टाकी मात्र बघवत नव्हती. बाबा म्हणाले, "अशी न्यायची साहेबापुढं? लाज वाटते गो."

मी शाळेत विज्ञान शिकवते. काम काढलं की वहीत तारीख, वेळ, तापमान लिहून ठेवायची सवय आहे. त्या वहीमुळेच पुढे काय बिघडलं आणि का, हे नीट मांडता येतंय. काळा स्प्रे मारणं हे सगळ्यात सोपं काम असं मला वाटायचं, कारण काळ्यात सगळं लपतं अशी समजूत. चकचकीत काळ्याच्या बाबतीत ती अगदी उलटी आहे. पांढऱ्यावर किंवा राखाडीवर जो खड्डा दिसणार नाही, तो काळ्या चमकीत आरशासारखा दिसतो, कारण तिथे आपण रंग बघत नसतो, त्यात पडलेलं ट्यूबलाइटचं किंवा दाराचं प्रतिबिंब बघत असतो. ते प्रतिबिंब जिथे वाकडं होतं तिथे नजर जाते.

टाकीची अवस्था अशी होती. टोपणाच्या भोवती चमक गेलेली, तिथून खाली पेट्रोल ओघळल्याचे फिकट पट्टे. डाव्या गुडघ्याच्या जागी 2016 साली फाटकाला घासून रंग निघाला होता, तिथे बाबांनी खिडक्यांच्या गजांसाठी आणलेला काळा ऑइल पेंट ब्रशने लावलेला. आणि खालच्या जोडाजवळ, जिथे पत्र्याच्या दोन बाजू एकत्र येतात, तिथे रंगाखाली तांदळाएवढे फुगे. नखाने एक दाबला तर आतून तांबडी पूड आली.

11 ऑगस्टचं काम

आरटीओची तारीख 20 ऑगस्ट होती. त्याआधीचा मोकळा रविवार म्हणजे 11 तारीख. शनिवारी संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "काळा स्प्रे द्या" म्हटलं. दुकानदाराने एकच विचारलं, "ग्लॉस की मॅट?" मी ग्लॉस म्हटलं. काळ्याचे दोन डबे, राखाडी प्राइमरचा एक, वरच्या पारदर्शक थराचा म्हणजे क्लिअरचा एक, आणि 120 नंबरचा पॉलिश पेपर (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक). सगळे मिळून साडेबाराशे रुपये झाले.

हा प्रश्न आणि हे उत्तर मला अजून सलतं. चमक किती हवी हे नंतरचं. आधी विचारायला हवं होतं की हा रंग कशावर बसणार आणि त्याच्यावर काय सांडणार. ते दुकानदाराने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

रविवारी वहीत नोंद आहे: सकाळी 11, तापमान 27, हवेतली आर्द्रता 90 टक्के, बाहेर सर चालू. टाकी काढली, पेट्रोल कॅनमध्ये ओतलं, 120 नंबरच्या पेपरने सुकीच घासली. फुगे फोडून तिथला गंज दिसेनासा होईपर्यंत खरवडला. ऑइल पेंटचा पट्टा गुळगुळीत होता म्हणून त्याला नुसता हात फिरवला. प्राइमर मारला, अर्ध्या तासाने बोटाला लागेना म्हणून काळा मारला. पहिला हात बरा वाटला. दुसऱ्या हाताला वरचा भाग दुधाळ दिसायला लागला, काळ्या पाटीवर ओला डस्टर फिरवल्यासारखा. मी घाबरून त्यावर आणखी जाड हात दिला. उजव्या बाजूला दोन ओघळ आले. डाव्या गुडघ्याजवळ तर रंग आक्रसून सुकलेल्या पानासारख्या सुरकुत्या पडल्या. संध्याकाळी क्लिअर मारून मोकळी झाले, कारण थांबायला दिवस नव्हते.

20 तारखेला गाडी पास झाली. तिथे दिवे, इंडिकेटर, ब्रेक, नंबर प्लेट बघितली, चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप घेतला, आणि टाकीकडे कोणी मान वळवून पाहिलंही नाही. (हे इथेच सांगते: घरी फ्रेम रंगवणार असाल तर हँडलच्या मुळाशी कोरलेला तो नंबर टेप लावून झाकायचा. रंग भरून अक्षरं बुजली तर पुढे त्रास तुमचाच. आणि आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. काळ्याची काळी करताना प्रश्न येत नाही, पण रंगच बदलायचा असेल तर आधी आरटीओला विचारायचं.)

परत येताना बाबांनी पंपावर टाकी भरली. नळी काढताना चार थेंब सांडले. घरी येईपर्यंत टोपणाभोवतीचा रंग मऊ पडून चिकट झाला होता. बाबांनी फडक्याने पुसलं, तर फडकं काळं झालं आणि खालचा राखाडी प्राइमर उघडा पडला. नऊ दिवस वाळलेला रंग होता तो.

एका टाकीवर तीन आजार

ऑक्टोबरात पाऊस थांबल्यावर टाकी घेऊन मी आमच्या भागातल्या एका जुन्या पेंटरकाकांकडे गेले. पस्तीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग केलेला माणूस. त्यांनी टाकी उन्हात धरून फिरवली आणि म्हणाले, "बाय, ह्या एका टाकीवर तीन आजार आहेत. एकच औषध चालायचं नाही."

दुधाळपणा हा पहिला. स्प्रेतला थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. घाम वाळताना अंग गार पडतं तसाच पत्रा गार पडतो. 90 टक्के आर्द्रतेच्या हवेत पत्रा दोन-तीन अंशांनी गार झाला तरी हवेतलं पाणी त्यावर बसतं, दव पडतं तसं. ते पाणी ओल्या रंगात अडकलं की प्रकाश विखुरतो आणि काळा पांढरट दिसतो. पेंटर याला ब्लश म्हणतात. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या निदान 3 अंश वर हवं असा रंगकामातला नियम आहे. आमच्या श्रावणात ते जमत नाही, कितीही मनात असलं तरी. काकांच्या मते नुसता दुधाळपणा असता तर कोरड्या दिवशी थिनरचा अगदी हलका फवारा मारून तो गेलाही असता. जाड हात देऊन मी तो आत कोंडला.

सुरकुत्या हा दुसरा, आणि तो 2016च्या ऑइल पेंटने दिलेला. ऑइल पेंट हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतो. स्प्रेमधला थिनर त्याच्याहून खूप तेज. तो वरून झिरपला की खालचा थर फुगतो, पत्र्यावरून सुटतो आणि वरच्या ताज्या रंगाला घेऊन आक्रसतो. काकांनी मला एक साधी परीक्षा शिकवली, जी मी आता प्रत्येक कामाआधी करते. कापसाचा बोळा थिनरमध्ये भिजवून जुन्या रंगावर अर्धा मिनिट धरायचा. रंग कापसाला आला किंवा फुगला, तर त्यावर काहीही मारायचं नाही, आधी तो काढायचा. वरचा नवा स्प्रे पुसून पाहिलं, तर टाकीच्या उजव्या बाजूचा कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग तसाच शाबूत राहिला. डाव्या बाजूचा लगेच गोळा झाला.

तिसरा आजार पेट्रोलचा. हा समजला तेव्हा डब्यांकडे बघायची माझी रीतच बदलली. काका म्हणाले, "साधा स्प्रे वाळतो. हार्डनरवाला पिकतो." याहून नेमकं मला सांगता येणार नाही, तरी वर्गात सांगते तसं सांगते. गुळाचं पाणी ताटलीत वाळवलं तर कडक पापुद्रा होतो, पण त्यावर पाणी टाका, पुन्हा गुळाचं पाणी. नुसता थिनर उडून वाळणारा एकघटकी स्प्रे असा आहे. त्याला विरघळवणारं काही सांडलं की तो मऊ पडतो, महिन्यानेही. पेट्रोल ते काम करतं आणि आता पेट्रोलमध्ये इथेनॉलही असतं. सिमेंटचं तसं नाही. एकदा धरलं की पाण्यात बुडवून त्याची परत पूड होत नाही. दोनघटकी रंगात हार्डनर मिसळतो, रासायनिक क्रिया होऊन सगळं एकमेकांत गुंफलं जातं आणि ते जाळं पेट्रोलला दाद देत नाही. असे स्प्रेचे डबे मिळतात. डब्याच्या बुडाला एक बटण असतं, ते दाबलं की आतली हार्डनरची कुपी फुटते. माझ्या डब्यावर त्यानंतर चोवीस तासांत वापरा असं लिहिलेलं होतं. उरलेला डब्यातच दगड होतो.

दुकानात दोन्ही डबे शेजारी असतात, दोघांवर 'काळा, ग्लॉस' लिहिलेलं असतं. फरक मागच्या बारीक अक्षरांत असतो, नाहीतर किमतीत. मी घेतले तेव्हा साधा डबा तीनशेच्या आसपास होता, हार्डनरवाला बाराशेच्या पुढे.

आणि हार्डनरबद्दल एक गोष्ट मी हात जोडून सांगते. त्यात आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. कापडी मास्क, रुमाल, करोनातला मास्क, यांतलं काहीही इथे उपयोगाचं नाही. वाफ आणि फवाऱ्याचे कण दोन्ही अडवणाऱ्या काडतुसांचा मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि उघड्यावरची जागा हवी. घरातली माणसं आणि मांजरं लांब. दम्याचा माणूस घरात असेल तर हे काम घरी करूच नये. पेंटरकाकांना आता जिना चढताना धाप लागते. तरुणपणी तोंडाला फडकं बांधून पीयू (पॉलीयुरेथेन, म्हणजे हाच हार्डनरवाला रंग) मारला त्याचं हे, असं ते स्वतःच सांगतात. मास्क घेतल्याशिवाय डबा उघडणार नाही, असं त्यांनी माझ्याकडून आधी कबूल करून घेतलं.

जानेवारी

संक्रांतीच्या आधीचा आठवडा ठरवला. टाकी पुन्हा काढली, रिकामी केली, धुऊन दोन दिवस उघडी ठेवली. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, म्हणून ग्राइंडर, ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश, ठिणगी उडवणारं काहीच वापरलं नाही. पेंट रिमूव्हर लावला, पत्र्याच्या उलथन्याने रंग काढला, उरलेला हाताने. पत्रा उघडा झाल्यावर गोड्या पाण्याने तीनदा धुतला. समुद्राजवळ हे विसरायचं नाही, कारण पत्र्यावर मीठ राहिलं तर ते रंगातूनही ओल ओढून घेतं आणि वर्षभरात खालून फुगे येतात. जोडाजवळचा गंज 80च्या पेपरने पांढरा पत्रा दिसेपर्यंत काढला, पाणी भरून टाकी कुठे गळत नाही हे बघितलं, वाळवली.

उघड्या पत्र्यावर रात्रभरात पुन्हा तांबूस झाक येते. म्हणून त्याच दुपारी काकांकडे नेली आणि त्यांनी त्यांच्या स्प्रे गनने इपॉक्सी प्राइमरचे (हार्डनर मिसळून मारायच्या प्राइमरचे) दोन हात दिले. हे मी घरी केलं नाही, आणि करू पाहणाऱ्यालाही हाच सल्ला देईन. डाव्या गुडघ्याच्या पोचावर त्यांनी लांबी, म्हणजे खड्डा बुजवायची पुट्टी, भरली. घासायचं काम माझं.

हे घासणं म्हणजे सगळ्या कामाचा अर्धा वेळ. लांबी 120ने, मग 240ने. वर डब्यातल्या राखाडी प्राइमरचे दोन हात. मग काकांनी सांगितलेली युक्ती, जी मला फार आवडली. ऑगस्टातला उरलेला काळा डबा लांबून, नुसते ठिपके पडतील इतका हलका मारायचा. राखाडीवर काळे ठिपके. आता 400च्या वॉटर पेपरला लाकडाचा ठोकळा लावून पाण्याने घासायचं. उंच भागांवरचे ठिपके आधी जातात, खड्ड्यांत राहतात. जिथे काळं राहिलं तिथे खड्डा आहे. मला सपाट वाटणाऱ्या डाव्या बाजूवर हाताच्या पंजाएवढा काळा तुकडा राहिला. पुन्हा लांबी, पुन्हा प्राइमर, पुन्हा ठिपके. तिसऱ्या फेरीला सगळे ठिपके एकदम गेले. मग 800.

रंग मारायचा दिवस शनिवार, 11 जानेवारी 2025. वेळ काकांनी दिली: "दव उडाल्यावर सुरू कर, खारा वारा सुटायच्या आत संपव." आमच्याकडे सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, तो कोरडा. दुपारकडे वारा फिरतो आणि मीठ नि ओल घेऊन येतो. वहीतली नोंद: 10.40, तापमान 26, आर्द्रता 54 टक्के. अंगणात आंब्याखालची सावली, जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवलेली. उन्हात मारायचं नाही, कारण काळा पत्रा तापतो, रंग पत्र्यावर पोचून पसरायच्या आतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

डबा बादलीत कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवला. कोमट म्हणजे हात सहज बुडवता येईल एवढंच. आत ज्वलनशील गॅस असतो आणि 50 अंशांच्या वर डबा नेऊ नये अशी सूचना त्यावरच असते. आतली गोळी वाजायला लागल्यापासून दोन मिनिटं हलवला. ऑगस्टात मी जेमतेम दहा वेळा हलवला होता.

पहिला हात धुक्यासारखा. खालचा प्राइमर दिसत राहतो, मन आणखी मारायला सांगतं, तिथे बोट उचलायचं. अंतर एक वीत, सतत तेवढंच. टाकी गोल असल्याने मनगट वळवून चालत नाही, मनगट वळलं की कडेला अंतर वाढतं. सगळा हात टाकीच्या गोलाईने न्यायचा. बटण टाकीच्या बाहेर दाबायचं, टाकीवरून जायचं, बाहेर गेल्यावर सोडायचं. दर पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा. दहा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा. तीन हातांत काळा पुरता भरला. डब्यावर लिहिलेलं होतं की पुढचा हात तासाभरात द्या, नाहीतर एक दिवस थांबा. मधल्या वेळेत थर वरून सुकलेला आणि आतून ओला असतो, तेव्हा नवा थिनर आत शिरला की सुरकुत्या. घड्याळ समोर ठेवलं होतं.

एक चूक इथेही होता होता राहिली. मी फक्त टाकी रंगवणार होते, बाजूची पॅनेलं तशीच. नवा काळा आणि पॅनेलचा जुना काळा उन्हात शेजारी धरले, तर टाकी तांबूस वाटत होती आणि पॅनेल निळसर. काळ्यालाही झाक असते. रंगातली काजळी जितकी बारीक तितका काळा गडद आणि निळसर. दुकानातल्या दिव्याखाली हे कळत नाही. म्हणून पॅनेलंही 800ने मंद केली, प्लास्टिकचा प्राइमर दिला आणि त्याच डब्यातून तीन हात मारले. काळ्याला काळा जुळवण्यापेक्षा एका रांगेत दिसणारे सगळे भाग एकत्र रंगवावेत, असं माझं ठाम मत झालं आहे.

खालचा काळा साधाच, एकघटकी. पेट्रोलला थोपवणारा थर वरचा, हार्डनरवाला क्लिअर. स्टिकर लावून, दुसऱ्या दिवशी, त्याच वेळेला, मास्क लावून क्लिअरचे दोन हात दिले. टोपणाच्या कंठाला टेप आतल्या बाजूने लावला, म्हणजे क्लिअर कड ओलांडून आत गेला. टेपची कड वर राहिली असती तर पेट्रोल तिथून थराखाली शिरलं असतं. टोपणाचं रबरही नवीन टाकलं, कारण मूळ गळती तिथलीच होती.

मग सात दिवस टाकी आतल्या खोलीत कपाटावर. बाबा रोज येऊन बोट लावायचे. "वाळलाय की." मी नाही म्हणायची. आठव्या दिवशी एका केसाएवढ्या धूळरेषेला 2000च्या वॉटर पेपरने घासून पॉलिशचं कंपाउंड मारलं आणि टाकी गाडीवर चढवली.

बाकीचे काळे

साध्या डब्याला मी नावं ठेवत नाही. बॅटरीची पेटी, मागचं कॅरिअर, साइड स्टँड यांना तोच मारला, सॅटिन. अर्धवट चमक असल्याने पत्र्याचे बारीक खड्डे दिसत नाहीत आणि उद्या खरचटलं तर तेवढीच जागा घासून परत मारता येते. पूर्ण मॅट मी टाळला, कारण त्याला पॉलिश करता येत नाही, तेलकट हात लागला की डाग सहज निघत नाही. सायलेन्सरच्या वाकड्या पाइपला मात्र वेगळाच, 600 अंशांपर्यंतचा उष्णतारोधक मॅट काळा. तो नुसता वाळून पक्का होत नाही, त्याला भाजावं लागतं. म्हणून गाडी आधी पाच मिनिटं चालू ठेवून पूर्ण गार केली, मग दहा, मग वीस. पहिल्या वेळी धूर येतो, बाबा धावत आले होते.

खर्च सांगायचा तर दुसऱ्या वेळी मास्कसकट चार हजारांच्या थोडा वर गेला. काकांनी पूर्ण टाकी पीयूमध्ये करून द्यायचे अडीच हजार सांगितले होते. पैसे वाचतील म्हणून कोणी हे घरी करत असेल, तर वाचत नाहीत.

आता

2025चा पावसाळा गाडीने उघड्यावर काढला. पंपावर पेट्रोल सांडलं, एकदा चांगलं कपभर. बाबांनी पुसलं, फडकं स्वच्छ. डाव्या बाजूत पडवीच्या दाराची चौकट सरळ दिसते. खालच्या जोडाजवळ मात्र ऑक्टोबरात एक फुगा आला आहे, मोहरीच्या दाण्याएवढा, ऑगस्ट 2024मध्ये जिथे पहिला फोडला होता बरोबर तिथेच. दोन पत्र्यांच्या फटीत आतवर गेलेल्या गंजापर्यंत पेपर पोचला नव्हता. काकांना फोटो दाखवला. जानेवारीत तेवढी जागा उघडून फट साफ करायची आणि सीलर भरायचा असं ठरलंय, तोवर बाबांनी तिथे ग्रीसचं बोट लावून ठेवलं आहे.